वाँटेजचा क्रूस, केडगावची बादली: पंडिता रमाबाईंनी आत्म्यांची पारख कशी केली

प्रश्न क्रुसावरच्या अक्षरांचा होता. रमाबाईंच्या क्रुसावर लॅटिन शब्द असावेत, असं इंग्लंडमधल्या वाँटेजच्या मठातल्या ख्रिस्ती भगिनींच्या मनात होतं. रमाबाईंनी त्यांच्यापैकी सिस्टर जेराल्डिनना पत्र लिहिलं. लॅटिनमध्ये आमच्या संस्कृतपेक्षा अधिक असं काय आहे? ब्राह्मणांना जशी संस्कृत ही देवांची भाषा वाटते, तशी तुम्हाला लॅटिन वाटते का? मी संस्कृतला धरून आहे ती ती पवित्र आहे म्हणून नाही. ती माझ्या देशाची जुनी आणि सुंदर भाषा आहे म्हणून. शब्द कोरायचेच असतील तर संस्कृतात कोरा. लॅटिन मला येत नाही, आणि काही थोड्या सोडल्या तर माझ्या देशभगिनींनाही येत नाही.

हे लिहिणारी बाई तेव्हा पंचविशी नुकती ओलांडलेली होती. विधवा, पदरात एक लहान मुलगी, परका देश, कानांनी नीट ऐकू येत नाही. राहायचं ते याच भगिनींच्या आधारानं, आणि मुलगीही त्यांच्याच घरात वाढत होती. अशा वेळी माणूस क्रुसावरच्या चार अक्षरांसाठी भांडत नाही. ‘जाऊ दे’ म्हणतो. रमाबाईंनी जाऊ दिलं नाही. पण त्या रागावून निघूनही गेल्या नाहीत. या दोन गोष्टी एकत्र कशा राहिल्या, तेच मला या प्रकरणात पाहायचं आहे.

हे प्रकरण का घेतलं

बायबल अभ्यासाला बसलं की आमच्याकडे एक वाक्य हमखास येतं: “प्रभूनं मला सांगितलं.” हे वाक्य आलं की खोली गप्प होते. उलट बोलायचं म्हणजे प्रभूलाच उलट बोलायचं, असं प्रत्येकाला वाटतं. नोकरी सोडायची का, मुलीचं कुठे जमवायचं, डॉक्टरांच्या गोळ्या चालू ठेवायच्या की प्रार्थनेवर सोडायचं, हे सगळं या एका वाक्यावर ठरताना मी पाहिलंय. त्यातली काही माणसं पुढे फार एकटी पडलेलीही पाहिलीत.

योहान आपल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात स्पष्ट सांगतो, की प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, तो देवापासून आहे का हे पारखून घ्या. पौल थेस्सलनीकाकरांना एका दमात दोन गोष्टी सांगतो: आत्म्याला विझवू नका, आणि सगळ्याची पारख करा. अडचण इथेच आहे. न विझवता पारखायचं कसं? नुसतं पारखत बसणारा माणूस थंड पडतो, आणि नुसता पेटणारा कुणाच्याही मागे जातो.

या प्रश्नावर मी अनेक थोरांची चरित्रं चाळली. शेवटी रमाबाईंपाशीच येऊन थांबावं लागलं, कारण त्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. १८८४-८५ साली इंग्लंडमध्ये दुसरी माणसं त्यांची श्रद्धा तपासत होती. वीस वर्षांनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावात, त्यांच्याच आश्रमात, शेकडो मुली रडत, ओरडत प्रार्थना करायला लागल्या, तेव्हा तपासणाऱ्या त्या स्वतः होत्या.

रावलसरचे तरंगते डोंगर

मुळापासून सुरुवात करायला हवी, कारण पारखण्याची सवय त्यांना ख्रिस्ती झाल्यावर लागलेली नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८चा, गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांनी बोल लावले, तरी ते मागे हटले नाहीत. मग घर सोडून पुराण सांगत तीर्थाटन. जिथे जी दक्षिणा सांगितली ती दिली, जिथे जो उपास सांगितला तो केला. दुष्काळाच्या वर्षांत गाठीचा पैसा संपला. अंगमेहनतीचं काम करायची सवय नव्हती आणि भीक मागायची लाज वाटत होती. आई, वडील आणि मोठी बहीण, तिघंही थोड्या काळाच्या अंतरानं गेली. राहिली ती रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी देशभर हिंडली.

या भटकंतीतली एक हकिकत रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवली आहे. हिमालयात रावलसरचं सरोवर आहे. तिथे सात डोंगर पाण्यावर तरंगतात आणि पुण्यवान माणूस काठावर आला की त्याच्या भेटीला सरकत येतात, अशी ख्याती. पाण्यात मगरी आहेत, उतरू नका, असं पुजारी बजावत. श्रीनिवास एकदा सकाळी लवकर कुणाचं लक्ष नसताना पाण्यात उतरला आणि पोहत जवळ गेला. डोंगर म्हणजे माती टाकून झाडं लावलेले तराफे होते. मागे होडीत बसून ते ढकलणारा माणूस होता.

ही गोष्ट सांगून ‘बघा, त्यांच्याकडे कसं असतं’ म्हणणारे मला भेटतात. त्यांना मी हात जोडून सांगतो, की आपल्या मांडवातही तराफे असतात. व्हीलचेअरवरून उठून चालणारा माणूस गेल्या गावातल्या सभेतही त्याच खुर्चीवरून उठला होता का, हे बघायला आपल्यातलं कोण पाण्यात उतरतं? रमाबाईंनी त्या सकाळी एका धर्माविरुद्धचा पुरावा तेवढा गोळा केला, असं मला वाटत नाही. ‘जवळ जाऊ नका’ असं जिथे सांगितलं जातं तिथेच जवळ जाऊन बघायचं, ही सवय त्यांच्या हाडात उतरली. ती सवय पुढे चर्चच्या दारातून आत येताना त्यांनी बाहेर काढून ठेवली नाही.

वाँटेज आणि चेल्टनहॅम

भाऊ १८८० साली गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. १८८२च्या फेब्रुवारीत पटकीनं तेही गेले. सिल्चरला संसार असताना घरात त्यांना बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं होतं, ते त्या वाचत असत. पुण्यात आल्यावर नीलकंठशास्त्री गोऱ्यांशी, म्हणजे फादर नेहेम्या गोऱ्यांशी, बोलणं आणि पत्रव्यवहार झाला. गोरे स्वतः काशीत वाढलेले शास्त्री, १८४८ साली ख्रिस्ती झालेले. शास्त्रार्थाची भाषा दोघांनाही येत होती.

तरी १८८३च्या एप्रिलमध्ये इंग्लंडला निघताना धर्म बदलायचा रमाबाईंचा विचार नव्हता, आणि तसं त्यांनी पुण्यातल्या स्नेह्यांना सांगितलंही होतं. वैद्यकीचं शिक्षण घ्यायचं होतं. ते पुढे ऐकू कमी येत असल्यामुळे राहून गेलं. सोबत आनंदीबाई भगत नावाच्या मैत्रीण होत्या. वाँटेजला, सेंट मेरी द व्हर्जिनच्या भगिनींच्या मठात दोघी उतरल्या. काही महिन्यांतच आनंदीबाईंनी तिथे आत्महत्या केली. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाई आणि छोटी मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

हा क्रम मला आजही अस्वस्थ करतो. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी आत्मिक वाटचालीसाठी एक नियम घालून दिला आहे: मन काळोखात असताना आधीचा निश्चय बदलू नये. त्या नियमानं पाहिलं तर हा निर्णय थोडा थांबायला हवा होता, असं माझं मत आहे. पण त्यामागची कारणं त्या काळ्या आठवड्यांतली नव्हती, हेही तितकंच खरं. त्याआधी भगिनींनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅमला आपलं काम दाखवायला पाठवलं होतं. समाजानं वाया गेलेल्या ठरवलेल्या बायका तिथे राहत होत्या, आणि भगिनी त्यांची आपल्या माणसांसारखी सेवा करत होत्या. रमाबाईंनी विचारलं, हे तुम्ही कशासाठी करता? उत्तरादाखल त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातल्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली. अशा बायकांबद्दल धर्मशास्त्र काय म्हणतं हे त्यांना पाठ होतं. इथे त्यांनी डोळ्यांनी वेगळं काही पाहिलं. झाड फळावरून ओळखा म्हणतात, त्याप्रमाणे त्यांनी आधी फळ पाहिलं आणि मग झाडाचं नाव विचारलं.

म्हणजे कारणं वर्षानुवर्षं पिकत आलेली, आणि निर्णयाचा क्षण मात्र ओल्या जखमेचा. बाप्तिस्म्याआधी विचारायचे राहिलेले प्रश्न मग बाप्तिस्म्यानंतर आले. ते कुणी दाबून ठेवू शकलं नाही.

१८८४च्या सुरुवातीला रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. डोरोथिआ बील तिथल्या प्राचार्या. इथून पुढची दोन वर्षं रमाबाई, सिस्टर जेराल्डिन आणि मिस बील या तिघींमध्ये पत्रं जात-येत राहिली. ती जेराल्डिननी जपून ठेवली, नीट लावून ठेवली, आणि १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं छापली. आपल्याला न शोभणारी पत्रंही त्यांनी त्यात राहू दिली, याबद्दल मला जेराल्डिनबाईंविषयी फार आदर आहे.

तक्रारी बारीकसारीक गोष्टींवरून सुरू झाल्या. रमाबाई शाकाहारी. अंडं घातलेलं पुडिंग त्या खात नसत. जेराल्डिनना यात जातीचा अभिमान दिसला: ख्रिस्ती झालीस, आता हे सोवळं कशाला? रमाबाईंचं उत्तर असं, की जातीचे सगळे ग्रह सुटले आहेत असं मी म्हणत नाही. पण एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला गेली आणि शेजाऱ्याला त्रास होत नाही अशा आपल्या सवयी तिनं तशाच ठेवल्या, तर तिला गर्विष्ठ म्हटलेलं तिला आवडेल का?

मग कॉलेजात काही तरुण मुलग्यांना त्यांनी शिकवावं अशी गोष्ट निघाली. हिंदुस्थानातल्या बिशपांचा सल्ला आला, की असं केलं तर त्यांच्या देशात त्यांचं वजन कमी होईल. रमाबाईंना आश्चर्य वाटलं. माझ्या आईनं किंवा मी तरुणांना शिकवायला माझ्या वडिलांची हरकत नव्हती, नवऱ्याची नव्हती, आणि आता इंग्रज लोकांची आहे? इथे वाचणारा थबकतो. पुण्यात रूढीच्या नावानं जे ऐकलं, तेच इंग्लंडात बिशपांच्या नावानं ऐकायला मिळत होतं, आणि दोन्हीकडे ‘तुझ्याच भल्यासाठी’ ही पुस्ती होती.

पण भांडणाचं मूळ याहून खोल होतं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही त्रैक्याची शिकवण रमाबाईंना पवित्र शास्त्रात जशी सांगितली जाते तशी दिसत नव्हती. अथनेशियसच्या नावानं चालत आलेला मतांगीकार, म्हणजे श्रद्धेचं ठरीव विधान, तोंडानं म्हणायला मन घेत नव्हतं. आपल्या मुलीला न समजणारं शिकवून पाठ करून घेऊ नये, असा त्यांचा हट्ट होता. मे १८८५च्या एका पत्रात हे सगळं एकदम वर आलं. मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे, मन आहे, बरं-वाईट ठरवायची शक्ती आहे, असं त्यांनी लिहिलं. देवानं जे करायची ताकद दिली आहे ते मला माझं मीच केलं पाहिजे. मोठ्या प्रयासानं मी हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जू मानेवरून काढलं आहे. आता पाद्री आणि बिशप यांच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द देवाची आज्ञा म्हणून घेऊन तसलंच दुसरं जू मी चढवून घेणार नाही. त्याच पत्रात त्या हेही सांगतात, की मी ख्रिस्ताच्या मंडळीची आहे. मंडळी त्यांना सोडायची नव्हती.

आपल्या भाषेत या मनःशक्तीला सदसद्विवेकबुद्धी म्हणतात. सत् आणि असत् वेगळं करणारी बुद्धी. पारख हा अर्थ शब्दाच्या पोटातच आहे. रमाबाईंनी संस्कृत कोळून प्यायलेलं असल्यामुळे हा शब्द त्यांच्यासाठी नुसता शब्द नव्हता.

त्या काळात त्यांनी प्रत्यक्ष काय केलं, ते मला या पत्रांमधलं सगळ्यात मोलाचं वाटतं. जे पटलं नाही त्याला ‘हो’ म्हटलं नाही, आणि जेवढं पटलं होतं तेवढं पाळायचंही थांबवलं नाही. प्रार्थना चालू, शास्त्राचं वाचन चालू, शिकणं-शिकवणं चालू, आणि फुलहॅमला पाहिलेलं काम आपल्या देशात उभं करायचा ध्यासही चालू. आपल्यापैकी पुष्कळांना शंका आली की सगळंच सुटतं. उपासनेला जाणं बंद होतं, किंवा शंका लाजेनं गिळून टाकली जाते आणि ती आतून पोखरत राहते. रमाबाईंनी शंका टेबलावर ठेवली आणि तिच्यासकट रोजचं काम केलं.

मिस बीलनी त्यांना वेगळ्या तऱ्हेनं वागवलं. त्या स्वतः शंकांमधून गेलेल्या होत्या आणि तसं त्यांनी लपवलं नाही. अशा बुद्धीच्या माणसाला हुकमानं विश्वास ठेवायला लावता येत नाही, तिच्याशी बोलत राहिलं पाहिजे, असा त्यांचा कल होता. पारख शिकताना जवळ असा एक माणूस लागतो. तो तुमच्यासाठी निर्णय घेत नाही, आणि तुमचा प्रश्न ऐकून घाबरतही नाही.

आजीबाईंची बाजू

जेराल्डिनबाईंना खलनायिका करणं सोपं आहे, पण ते खरं नाही. त्यांना वाटणारी भीती पोकळ नव्हती. ‘माझी विवेकबुद्धी’ म्हणून माणूस नुसता अहंकार पोसू शकतो. स्वतःच स्वतःचा बिशप होऊन बसलेली माणसं प्रत्येक गावात सापडतात. दर सहा महिन्यांनी मंडळी बदलतात, आणि प्रत्येक वेळी प्रभूनंच सांगितलेलं असतं. जेराल्डिनचं म्हणणं होतं, की विश्वास एकट्यानं गाठायची गोष्ट नाही. आधी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं स्वीकार, मग समज येईल. यात तथ्य आहे. पुढच्या आयुष्यात रमाबाईंची ख्रिस्ताच्या देवत्वावरची श्रद्धा ठाम झाली, म्हणजे त्या वेळच्या त्यांच्या सगळ्याच शंका अखेरच्या नव्हत्या.

मग अहंकार आणि विवेक वेगळे कशावरून ओळखायचे? पत्रं वाचताना मला तरी हे दिसलं, की रमाबाई काही लपवत नव्हत्या. ज्या बाईशी मतभेद होता तिलाही सगळं लिहीत होत्या. आपलं मत जेराल्डिननं मान्य करावं असा आग्रह त्यांनी धरला नाही. तुमचं माझ्यावर लादू नका, एवढंच मागितलं. या हट्टापायी त्यांचं नुकसानच होणार होतं. अहंकार सहसा फायद्याच्या बाजूला झुकतो. आणि नातं त्यांनी तोडलं नाही. पत्रात त्या जेराल्डिनना ‘आजीबाई’ म्हणत. मनोरमेची आजी, म्हणून आजीबाई. इतकं कडक लिहूनही हे संबोधन टिकून राहिलं. मराठी घरात वाढलेल्या कुणालाही कळेल, की ‘आजीबाई’ म्हणणारी मुलगी घर सोडून गेलेली नसते. ती चुलीपाशी बसून वाद घालत असते.

जेराल्डिनना एक गोष्ट दिसली नाही, ती म्हणजे ज्याला त्या चर्च म्हणत होत्या त्यातलं किती ख्रिस्ताचं आणि किती इंग्लंडचं. पुडिंग इंग्लंडचं होतं. लॅटिन रोमचं होतं. आतल्या माणसाला आपल्या घराचा वास येत नाही. आपल्या मंडळ्यांनाही तो येत नाही, म्हणून नवीन विश्वासणाऱ्यानं प्रश्न विचारला की आपण चिडतो.

आठ वर्षांनंतर

१८८६च्या फेब्रुवारीत रमाबाई अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोशींना ११ मार्चला डॉक्टरकीची पदवी मिळायची होती. तीन वर्षांनी, १८८९च्या त्याच तारखेला, मुंबईत विधवांसाठी त्यांचं शारदा सदन सुरू झालं.

साधारण १८९१च्या सुमारास त्यांच्या आत पुन्हा काही हललं. पुढे त्यांनी प्रांजळपणे लिहिलं, की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झालेली, जगभर नाव झालेलं, संस्था उभी. अशा वेळी ‘मला मुख्य गोष्टच सापडली नव्हती’ म्हणायला धैर्य लागतं. मे १८८५चं पत्र लिहिणाऱ्या बाईनंच हे लिहिलं. सहा वर्षांपूर्वी दुसऱ्यांच्या शब्दाला लावलेली कसोटी त्यांनी आता स्वतःच्या श्रद्धेला लावली. माझ्या मते, वाँटेजचं ते भांडण अहंकाराचं नव्हतं, याचा सर्वांत भक्कम पुरावा हाच.

१८९३ साली सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो, यावरून पुण्यात वादळ उठलं. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मी दार उघडं ठेवून प्रार्थना करते, मुली आपणहून येतात, असं रमाबाईंचं म्हणणं. टीकाकारांचा प्रश्न मात्र साधा होता: जिच्या हातचं खाते तिच्या प्रार्थनेला मुलगी आपणहून आली की मिंधेपणानं आली, हे कसं ठरवणार? रमाबाईंना मानणाऱ्यांनी हा प्रश्न झटकू नये. वाँटेजला त्या स्वतःच अशा आश्रित होत्या.

केडगाव, जून १९०५

१८९६-९७च्या आणि मग १९००च्या दुष्काळातून त्यांनी शेकडो मुली आणि बायका केडगावला आणल्या. मुक्ती मिशन उभं राहिलं. १९०५च्या जानेवारीत त्यांनी मुलींना आत्मिक जागृतीसाठी रोज प्रार्थनेला बसायचं आवाहन केलं. सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या, दिवसातून दोनदा. जूनमध्ये तीस तरुणींनी गावोगाव शुभवर्तमान सांगायला जायची तयारी दाखवली.

२९ जूनला पहाटे साडेतीनला शयनगृहात एक मुलगी जागी झाली. आपल्या अंगावर आग उतरते आहे असं तिला जाणवलं, आणि ती मोठ्यानं देवाला हाक मारू लागली. शेजारच्या मुलीलाही ती आग दिसली. ती धावत गेली, पाण्याची बादली घेऊन आली, आता ओतणार इतक्यात तिच्या लक्षात आलं की अंग जळत नाहीये. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी एब्रम्स यांनी ही हकिकत नोंदवली आहे.

त्या बादलीवाल्या मुलीबद्दल कुणी प्रवचन करत नाही. मला ती फार जवळची वाटते. मैत्रीण जळते आहे असं दिसल्यावर ती गुडघ्यावर बसली नाही, पाणी आणायला धावली. तेच बरोबर होतं. आणि ओतायच्या आधी तिनं नीट पाहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाबाई नेहमीसारख्या शांतपणे योहानाचा आठवा अध्याय समजावून सांगत होत्या. मुली एकदम मोठ्यानं प्रार्थना करायला लागल्या. रडणं, पापं कबूल करणं, विनवण्या. शिकवणं थांबवावं लागलं. पुढे हे दिवसेंदिवस चाललं. बातमी पसरली, पाहायला माणसं आली. काही मिशनऱ्यांना हा गोंगाट अशोभनीय वाटला, भावनेचा उद्रेक वाटला. थांबवा, शिस्त लावा, असे सल्ले आले.

आता रमाबाई जेराल्डिनच्या जागी होत्या. हाताखाली शेकडो मुली, डोक्यावर जबाबदारी, बाहेर टीका. एका शब्दानं सगळं थांबवता आलं असतं, किंवा सगळंच देवाचं म्हणून मोकळं सोडता आलं असतं. त्यांनी या दोन्ही वाटा सोडल्या. इतक्या जणी एकदम प्रार्थना करतात हे त्यांनी दाबलं नाही. आमच्या देशातल्या माणसांची भावना व्यक्त करायची आपली रीत आहे, ती पाश्चात्त्य रीतीत बसवायला हवी असं नाही, असं त्यांनी मुक्तीच्या पत्रिकेत मांडलं. क्रुसावरच्या अक्षरांचाच हा मुद्दा होता, एकवीस वर्षांनी, आता मुलींच्या वतीनं.

तरी खूण म्हणून त्यांनी आवाजाकडे पाहिलं नाही. काही जणी प्रार्थनेत कधी न शिकलेल्या अन्य भाषांमध्ये बोलू लागल्या, तेव्हा ते दान त्यांनी नाकारलं नाही, पण पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा झाल्याची ती एकमेव खूण आहे असंही मानलं नाही. १९०७ साली त्यांनी लिहिलं, की सर्वांत आवश्यक खूण म्हणजे परिपूर्ण प्रेम. बाकीची दानं टाकू नयेत, पण प्रेमाशिवाय त्यांना अर्थ नाही. फुलहॅमच्या त्या घरात त्यांनी आधी सेवा पाहिली होती आणि मग सिद्धांत विचारला होता. केडगावातही त्यांनी तोच क्रम ठेवला.

आश्रित मुलगी मनापासून ‘हो’ म्हणते की मिंधेपणानं, हा १८९३चा प्रश्न १९०५ला संपला असं मात्र मी म्हणणार नाही. अन्न, शाळा आणि प्रार्थना एकाच हातातून मिळते, तेव्हा गप्प राहणाऱ्या मुलीकडे मुद्दाम लक्ष द्यावं लागतं. पेटलेल्या मुलींची नोंद झाली. न पेटलेल्या मुलींना त्या दिवसांत काय वाटलं असेल, असा विचार माझ्या मनात येत राहतो. आमच्या मंडळीत एखादी मोठी प्रार्थनासभा झाली, की मी दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरच्या माणसांशी बोलायला जातो. ही सवय मला रमाबाईंनी लावली, त्यांच्या यशातून आणि या न सुटलेल्या प्रश्नातूनही.

आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी एका कामाला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्र मराठीत आणायचं, आणि तेही पंडितांच्या मराठीत नको. दुष्काळातून आलेल्या, नुकतं वाचायला शिकलेल्या बाईला कुणाला न विचारता वाचता आलं पाहिजे, अशा मराठीत. नवा करार १९१३ साली आला. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. खिळे जुळवणाऱ्या आणि छापणाऱ्या बायका मुक्तीतल्याच होत्या. हातातलं पान काय म्हणतंय, ते त्यांना वाचता येत होतं.